सिऱ्होसिसच्या रुग्णाने ‘लीकी गट’ची तपासणी करावी का?

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ते दारूला कधी शिवलेले नाहीत, तरी मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांतून त्यांना सिऱ्होसिस (यकृत कठीण होण्याचा आजार) झाल्याचे निदान मिरजेत झाले. पोटातले पाणी एकदा काढावे लागले आहे. गावातल्या एका आरोग्य शिबिरात त्यांची ‘लीकी गट’ची, म्हणजे आतड्याचे अस्तर झिरपते का याची, तपासणी केली आणि झोन्युलिन नावाचे प्रथिन वाढल्याचा अहवाल देऊन, आतडे ‘बंद’ करण्यासाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या. अहवालातला लाल अक्षरांतला आकडा पाहून वडील फार घाबरले आहेत. या आकड्याला किती महत्त्व द्यावे? कॅप्सूल सुरू कराव्यात का? रोज घेतात त्या लॅक्ट्युलोजच्या औषधाने आतडे आणखी कमकुवत होते का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : सिऱ्होसिसमध्ये आतड्याचे अस्तर झिरपू लागते, ही गोष्ट खरी आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेतून येते. यकृत कठीण झाले की या शिरेतला दाब वाढतो, आतड्याच्या अस्तराला सूज येते, पित्त कमी पडल्याने जंतूंची वाढ बिघडते आणि दगडी बांधाच्या सांध्यांतून पाणी पाझरावे तसे अस्तराच्या पेशींमधल्या सांध्यांतून जंतूंचे अंश, कधी जिवंत जंतूही, आत शिरतात. निरोगी यकृत त्यांना अडवते; आजारी यकृताला ते पुरते जमत नाही, शिवाय बरेचसे रक्त आडवाटेने यकृताला वगळूनच पुढे जाते. जलोदरातल्या, म्हणजे पोटात साठणाऱ्या, पाण्याला होणाऱ्या संसर्गामागे हे एक मोठे कारण आहे.

परंतु ही झिरप आहे हे माहीत असणे आणि एका रुग्णात ती एका आकड्याने मोजता येणे, यांत फार अंतर आहे. झोन्युलिन हे पेशींमधले सांधे सैल करणारे प्रथिन म्हणून २००० साली अलेसिओ फसानो यांच्या गटाने मांडले आणि पुढे ते हॅप्टोग्लोबिन-२ या प्रथिनाचे पूर्वरूप असल्याचे दाखवले. काही लोकांच्या जनुकांत हॅप्टोग्लोबिनचा हा प्रकार नसतोच, त्यामुळे त्यांच्यात हे झोन्युलिन तयारच होत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की बाजारातले प्रचलित किट झोन्युलिन सोडून भलतीच प्रथिने मोजत असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले. त्यातच हॅप्टोग्लोबिन मुख्यतः यकृतात तयार होते. म्हणजे ज्याचे यकृतच आजारी आहे, त्याच्या अहवालातला हा आकडा आतड्याबद्दल बोलतो की यकृताबद्दल, हे सांगता येत नाही. माझ्या मते या अहवालावरून वडिलांनी एक रात्रही जागून काढू नये.

आतड्याची झिरप मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इतर खुणांनाही अशाच मर्यादा आहेत. एलबीपी हे जंतूंच्या अंतर्विषाला चिकटणारे प्रथिनही यकृतच बनवते. आय-एफएबीपी आतड्याच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढते, पण मूत्रपिंड मंदावले तरी ते वाढते. शौचातले कॅल्प्रोटेक्टिन दाह दाखवते, झिरप नव्हे. लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करा पाजून लघवीतले त्यांचे प्रमाण काढण्याची जुनी, विचारपूर्वक रचलेली चाचणी आहे. मात्र जलोदर आणि मूत्रपिंडाचे काम यांनी ती बिघडते, आणि तुमचे वडील तर लॅक्ट्युलोज औषध म्हणून रोजच घेत आहेत. रुग्णांच्या मोठ्या गटांची तुलना करणाऱ्या संशोधकांना या मोजमापांचा उपयोग होतो व ते काम व्हायलाच हवे. एका रुग्णाचे औषध मात्र त्यांवरून ठरत नाही.

औषध ठरते ते वेगळ्या तपासण्यांवरून, आणि पैसे त्यांवर खर्च व्हावेत. पोटात पुन्हा पाणी साठून ताप, पोटदुखी किंवा गुंगी आली, तर त्याच दिवशी ते पाणी सुईने काढून तपासून घ्या. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा अधिक आढळल्या, तर संसर्ग धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या) अहवालासाठी थांबत नाहीत. एरवी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन, सोडियम आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, यांत खंड पडू देऊ नका.

कॅप्सूल सुरू करू नका. सांगलीच्या माणसाला हळदीबद्दल सावध करताना मला संकोच वाटतो, आणि आमटी-भाजीतल्या हळदीला माझी काहीच हरकत नाही. पण हळदीच्या दाट अर्काच्या गोळ्या, विशेषतः शोषण वाढावे म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेल्या, यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. वडिलांच्या यकृताला असा धोका पेलणारा नाही. आतड्याच्या अस्तराची खरोखर काळजी घ्यायची असेल, तर छाटणीच्या दिवसांत पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आधी बंद करा. ती आतड्याला आणि मूत्रपिंडाला, दोघांनाही बाधते. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर ती अजून लागते का हे डॉक्टरांना विचारा, कारण तिचा आतड्यातल्या संसर्गांशी संबंध दिसून आला आहे.

लॅक्ट्युलोज मात्र आपल्या मनाने थांबवू नका. ते आतड्याला कमकुवत करत नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया बाहेर काढून मेंदूवर येणारी गुंगी ते टाळते. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतकी मात्रा योग्य. त्याहून जास्त, पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर अंगातले पाणी कमी होऊन गुंगी उलट वाढू शकते, म्हणून तसे दिसताच मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांना फोन करा.