सूर्य मावळला, मग इलेक्ट्रॉन कसे उरले?

प्रश्न : सर, मी कळव्याला राहतो, एफवायबीएस्सीला आहे. सूर्यकिरणांमुळे आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांत, इलेक्ट्रॉन सुटे होतात, असं शिकलो. मग रात्री ते संपून का जात नाहीत? मध्य अक्षांशांत मध्यरात्री ते कधीकधी वाढतातही, असं वाचलं. हे खरं का?

उत्तर : अगदी खरं. मी नेरुळला स्थायिक होण्याआधी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, त्यामुळे हे मला आधी कानांनी कळलं, कारण नंतर. उत्तर अटलांटिकात दुपारी १६ मेगाहर्ट्झवर ‘बॉम्बे रेडिओ’ खणखणीत लागायचं. अंधार पडला की ८ वर यायचं, आणि उजाडायच्या आधीचा तासभर तर आणखी खाली. तो तास सगळ्यात वाईट. रेडिओ लहरी याच इलेक्ट्रॉनांमुळे खाली परत फिरतात; ते कमी झाले की वारंवारताही खाली आणावी लागते, आणि त्या वेळी वर ते सर्वांत कमी असतात.

ते मोजतातही असेच. सरळ वर सोडलेला संकेत ९ मेगाहर्ट्झपर्यंत परत येत असेल, तर दर घन सेंटीमीटरला साधारण १० लाख इलेक्ट्रॉन आहेत. ३ पर्यंतच येत असेल, तर लाखभर. वारंवारता एक तृतीयांश झाली की घनता एक नवमांश.

आता तुझा ‘संपत का नाहीत’. खालच्या थरांत संपतातच. ६० ते ९० किलोमीटरवर हवा त्यातल्या त्यात दाट, तिथला थर सूर्यास्तानंतर लगेच विरतो. (म्हणून तर जुन्या मीडियम वेव्ह सेटवर रात्री राजकोट लागतं, दिवसा हाच थर त्या लहरी गिळून टाकतो.) ३०० किलोमीटरच्या आसपास गोष्ट वेगळी. तिथे मुख्यतः ऑक्सिजनच्या एकेकट्या अणूचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) असतात, आणि असा आयन इलेक्ट्रॉनला थेट पकडू शकत नाही म्हटलं तरी चालेल. आधी त्याला नायट्रोजनचा किंवा ऑक्सिजनचा रेणू भेटावा लागतो, त्यातून रेणूचा आयन बनतो, आणि तो मात्र इलेक्ट्रॉन चटकन गिळतो. एवढ्या उंचीवर रेणू विरळ. भेटच लवकर होत नाही, म्हणून साठा रात्रभर पुरतो.

वाढतात ते कसे? आमच्या सोसायटीत सकाळी पंप लावून गच्चीवरची टाकी भरतात आणि महापालिकेचं पाणी गेलं तरी नळ चालू राहतो. आयनांबराच्या वर अशीच टाकी आहे, हायड्रोजन आयनांची. दिवसा खालून वर भरते, रात्री पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून खाली उतरते. वाटेत हायड्रोजन आयन आपला भार ऑक्सिजनच्या अणूला देतो. हिवाळ्याच्या लांब रात्री हा पुरवठा खर्चापेक्षा जास्त झाला की घनता वर चढते.

दुसरं कारण वारा. रात्री वरच्या वातावरणात वारा विषुववृत्ताकडे वाहतो. आयन-इलेक्ट्रॉनांना बलरेषा ओलांडता येत नाही, फक्त तिच्यावरून सरकता येतं. मध्य अक्षांशांत बलरेषा तिरप्या, म्हणजे घसरगुंडीच. वारा त्यांना उलटं वर ढकलतो. जितकं वर, तितके रेणू कमी आणि तितका खर्च कमी. दुपारी वारा ध्रुवाकडे वाहतो आणि याच्या नेमकं उलट होतं.

याचा कळस अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्राभोवती. तिथल्या उन्हाळ्यात मध्यरात्रीची घनता दुपारपेक्षा जास्त भरते; १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षातल्या मोजणीत हे लक्षात आलं. तिथे जानेवारीत इतक्या उंचीवर मध्यरात्रीही थोडं ऊन पोचतं, त्यात वाऱ्याची मदत. मला हे ठाऊक नव्हतं. चिलीच्या दक्षिण टोकाजवळ एका जानेवारीत रात्री बारा वाजता वरच्या वारंवारतांचे बँड दुपारपेक्षा जिवंत वाटले, तेव्हा मी रिसीव्हर उघडून बसलो. लॉगमध्ये नोंद केली : ‘सेट तपासला, दोष नाही.’ चीफ ऑफिसर हसला.

मात्र हे कळव्याच्या आकाशाला जसंच्या तसं लावू नकोस. आपल्याकडे बलरेषा क्षितिजाशी जेमतेम २५ ते ३० अंशांचा कोन करतात. दिवसा विषुववृत्तावर वर उचललेले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेला घरंगळतात, त्यांचा परिणाम आपल्या डोक्यावर जास्त. या विषयात पुढे जायचं असेल तर भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेललाच आहे. ठाण्याहून पनवेल लोकल पकड.