लिस्बनला जाण्यापूर्वी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रवासाचा आराखडा मिळाला. नऊ दिवसांत लिस्बन, पोर्तो, सेव्हिल आणि माद्रिद अशी चार शहरे बसवण्याचे तुझे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे; मात्र त्यातील किती वेळ सामान भरण्यात आणि बसस्थानक शोधण्यात जाईल, याचा हिशेब तू केलेला दिसत नाही. तू सल्ला विचारलास म्हणून स्पष्टच लिहितो. बाकीची तीन शहरे या खेपेला खोडून टाक आणि नऊही दिवस लिस्बन व त्याच्या आसपासच्या शंभर किलोमीटरच्या परिसराला दे. हा सल्ला मी कोणालाही दिला नसता, पण तू वसईची आहेस. ज्या किल्ल्यात तू लहानपणी सहलीला गेलीस, तो १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत या शहराच्या हुकमाखाली होता. लिस्बनला जाणारे बहुतेक पर्यटक केवळ एक सुंदर शहर पाहायला जातात. तू मात्र एका जुन्या दोरीचे दुसरे टोक पाहायला जात आहेस, आणि तेवढ्यासाठी नऊ दिवसही कमीच पडतील.

आधी पायांचे बोलतो. शहर टेकड्यांवर वसलेले आहे, आणि त्याचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांनी जडवलेले आहेत. वर्षानुवर्षांच्या वावराने ते दगड इतके गुळगुळीत झाले आहेत, की मार्चमधील एखादी सर येऊन गेली की उतारावर अक्षरशः घसरगुंडी होते. तेव्हा नवे बूट नेऊ नकोस; वापरून सैल झालेले आणि तळाला चांगली पकड असलेले ने. दुसरी गोष्ट अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामची. आल्फामा या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून, घरांच्या भिंतींना जवळजवळ घासत जाणारी ही ट्राम प्रसिद्ध आहे आणि त्यामुळेच ती खिसेकापूंचीही आवडती आहे. माझे पाकीट तिथेच गेले, आणि तेही मी खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे कौतुकाने पाहत असताना. बसायचेच असेल तर सकाळी आठच्या आत बस. नाहीतर तोच रस्ता पायी उतर, तो अधिक चांगला दिसतो. मेट्रो, ट्राम आणि जवळपासच्या लोकल गाड्या या सर्वांसाठी ‘नवेगांते’ नावाचे एकच कार्ड चालते; त्यात पैसे भरून ठेवावेत.

पहिल्या दिवशी कोठेही तिकीट काढू नकोस. नदीकाठच्या मोठ्या चौकात जा. नकाशावर त्याचे नाव ‘प्रासा दो कोमेर्सियु’ असे असले, तरी जुने लोक अजूनही त्याला ‘तेर्रेइरू दो पासू’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण म्हणतात. तिथे आज राजवाडा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या आणि माणसे प्रार्थनेला जमलेली असताना भूकंप झाला. त्यामागोमाग नदीतून समुद्राची लाट आत आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा गेला आणि त्याच्याबरोबर हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारे ‘कासा द इंदिया’ हे कार्यालयही गेले. पुढे मार्केझ द पोंबाल या मंत्र्याने चौकाच्या मागचा सगळा भाग सरळ रेषांत, काटकोनी रस्त्यांनी नव्याने उभारला आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवण्याची पद्धत आणली, जेणेकरून पुढच्या धक्क्यात इमारत डोलेल पण कोसळणार नाही. हे कळल्यावरच बायशा भागातील त्या एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींकडे पाहण्यात अर्थ आहे. एरवी त्या कंटाळवाण्या वाटतील.

तिथून चढून कार्मोच्या मठाकडे जा. सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टच्या रांगेत तासभर उभे राहण्याची गरज नाही. मागच्या रस्त्याने दहा मिनिटांत वर पोहोचता येते. भूकंपात या मठाचे छप्पर पडले आणि ते पुन्हा कधी घातलेच नाही. उघड्या आकाशाखाली नुसत्या दगडी कमानींच्या बरगड्या उभ्या आहेत आणि खाली गवत वाढलेले आहे. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराची चर्च पाहत वाढलेल्या तुला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. मठासमोरच्या छोट्या चौकात थोडा वेळ बस. २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याने हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला, तेव्हा पंतप्रधान कायतानू याच चौकातील पोलीस दलाच्या तळावर लपले होते आणि तिथेच त्यांनी शरणागती पत्करली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते त्या उठावानंतर, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर तेरा वर्षांनी; हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

शहराच्या पश्चिमेला नदीकाठी असलेल्या बेलें भागासाठी पूर्ण दिवस ठेव, पण सोमवार सोडून. मी सोमवारी गेलो होतो आणि जेरोनिमुश मठाच्या बंद दारापुढे उभा राहून परतलो. या मठाचे बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याचा खर्च मुख्यतः आफ्रिका व पूर्वेकडून येणाऱ्या मालावरील पाच टक्के करातून झाला. त्या कराला लोक ‘मिरीचा विसावा हिस्सा’ म्हणत. म्हणजे दोरखंड, प्रवाळ आणि वनस्पती कोरलेल्या ज्या कमानींपुढे सगळे माना वर करून उभे असतात, त्या बऱ्याच अंशी मलबारच्या मिरीने उभ्या केलेल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला; त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आणल्या गेल्या. तिथे गर्दी असते, म्हणून बहुतेक लोक तिथूनच परततात. तू सरळ वेदीपर्यंत जा. राजा मानुएल आणि त्याच्या वंशजांच्या शवपेट्या ज्यांच्या पाठीवर ठेवल्या आहेत, ते संगमरवरी हत्ती आहेत.

आणि हत्तीवरून गेंड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने हिंदुस्थानातील पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकेर्कने तो गोव्याहून जहाजाने राजाकडे धाडला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. त्याच्याबरोबर आलेले गुजरातीतले नावही त्याला तिथे चिकटले, ‘गांदा’. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीच पळून गेला. पुढच्या वर्षी पोपला नजराणा म्हणून पाठवत असताना इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज फुटले आणि साखळदंडांनी बांधलेला तो प्राणी बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहता, केवळ वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याचे चित्र काढले, आणि पुढे अडीच-तीनशे वर्षे युरोपला गेंडा म्हणजे तोच वाटत राहिला. त्याच सुमारास नदीत बेलेंचा बुरूज बांधला जात होता. त्याच्या वायव्येकडील टेहळणीच्या छोट्या मनोरीच्या तळाशी पाथरवटाने गेंड्याचे मुंडके कोरले आहे. ते आता खाऱ्या वाऱ्याने इतके झिजले आहे, की नाकाच्या जागी नुसता उंचवटा उरला आहे. त्यासाठी आत जाण्याची गरज नाही. ओहोटीच्या वेळी बाहेरून नीट दिसते.

जवळच जहाजाच्या नाळेच्या आकाराचे प्रचंड स्मारक आहे, ज्यावर हेन्री राजपुत्राच्या मागे गामा, आल्बुकेर्क, फ्रान्सिस झेवियर अशी रांग उभी आहे. ते जुने समजून पाहू नकोस. सध्याचे दगडी स्मारक १९६० मधले आहे, म्हणजे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते उभारले आणि पुढच्याच वर्षी तिच्या हातून गोवा गेला. त्याच्या पायथ्याशी उभे राहून मला राग आला नाही, हसूही आले नाही. फक्त ते अतिशय एकटे वाटले.

सिंत्राला रोसियू स्थानकावरून लोकलने पाऊण तासात पोहोचता येते. पेनाचा रंगीबेरंगी राजवाडा एकोणिसाव्या शतकातील हौस आहे. बघायचा तर पहिल्या वेळेचे तिकीट आधीच काढून बघ. नाही बघितलास तरी माझी काही तक्रार नाही. त्याऐवजी गावातील दोन पांढऱ्या शंकूंसारख्या धुराड्यांचा जुना राजवाडा पाहा आणि मग मोंसेरातच्या रस्त्याने पायी निघ. वाटेत पेन्या व्हेर्द नावाची बाग लागते. ती खासगी आहे, त्यामुळे भिंतीबाहेरूनच पाहावी लागेल. १५४८ मध्ये गोव्यात मरण पावलेला व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू याची ही बाग. तिच्यात एक संस्कृत शिलालेख सापडला. गुजरातचा राजा सारंगदेव वाघेला याच्या काळातील, विक्रम संवत १३४३ मधील, सोमनाथच्या देवळांविषयीचा तो लेख आहे. देवनागरी अक्षरांचा एक दगड सौराष्ट्रातून उठून अटलांटिकच्या धुक्यात शेवाळत पडला होता, हे त्या भिंतीपाशी उभे राहून कल्पून पाहा.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ती. तुझ्या आराखड्यात कश्काइशचा समुद्रकिनारा आहे. काइश दो सोद्रे स्थानकावरून सुटणारी गाडी नदीच्या काठाकाठाने जाते आणि सगळे प्रवासी डाव्या हाताला, पाण्याच्या बाजूला बसतात. वाटेत काशियश नावाचे लहानसे स्थानक लागते. तिथे उजवीकडच्या चढावर एक किल्ला आहे, ज्याचा सालाझारच्या राजवटीने राजकीय कैद्यांसाठी तुरुंग केला होता. सांगलीचे मोहन रानडे या तुरुंगात होते. गोव्यात मराठी शिकवण्याच्या निमित्ताने गेलेला हा माणूस १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, त्याला सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्याला पोर्तुगालला हलवण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षे खटपट केली, मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत त्यांच्यासाठी शब्द टाकला, आणि अखेर १९६९ च्या जानेवारीत ते बाहेर आले. किल्ल्यात आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. गाडी तिथे फार तर मिनिटभर थांबते. जाताना तू उजव्या बाजूला बस.

आत जाऊन पाहता येईल असा तुरुंग पेनिशला आहे. लिस्बनच्या उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर, बसने दीड-दोन तासांत. समुद्रात घुसलेल्या खडकावरचा हा किल्ला २०२४ मध्ये प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून उघडला. पोर्तुगीज लोक तिथे मुख्यतः १९६० मध्ये कम्युनिस्ट नेते कुन्याल आणि त्यांच्या साथीदारांनी केलेल्या पलायनाची आठवण काढतात, आणि त्यात गैर काही नाही. पण गोव्यातील १९४६ च्या नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीनंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना गोव्याहून उचलून याच किल्ल्यात आणून टाकले होते. अटलांटिकचा तो बोचरा वारा अंगावर घेऊन बघ, मग मांडवीकाठच्या माणसांनी तो कसा सोसला असेल याचा थोडा अंदाज येईल.

जेवणाची तू उगाच चिंता करतेस. हॉटेलात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे येते; ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठव, कोणी रागावत नाही. ‘मांस नको’ एवढेच सांगितलेस तर मासा येईल, कारण त्यांच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. गल्लीतल्या बेकऱ्यांमध्ये ‘शामुसा’ मिळतो, तो म्हणजे आपला समोसाच. आभार मानताना तू ‘ओब्रिगादा’ म्हणायचेस, ‘ओब्रिगादो’ पुरुषांनी. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चाल. कानाला परके वाटणारे शब्द डोळ्यांना ओळखीचे निघतात: चावी, बटाटा, अननस, फीत. आपला पगारही तिथलाच, फरक इतकाच की आपल्याकडे तो मिळतो आणि तिथे ‘पगार’ म्हणजे पैसे मोजणे.

गेंड्याचा एक चांगला फोटो मात्र माझ्यासाठी काढून आण. मी गेलो तेव्हा भरती होती, आणि माझ्या फोटोत भिंत, पाणी आणि एका परक्या गृहस्थाची टोपी एवढेच आले आहे.

तुझा,
सर