नाकात पाणी गेलं की संपलं

सुट्टीचे दिवस जवळ आले की आम्हा समुपदेशकांकडे एक प्रश्न हमखास येतो. परदेशात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं, शिकायचं ठरलंय, पैसे भरून झालेत, आणि आता रात्री झोप लागत नाही. पाण्याखाली घाबरायला झालं तर काय करायचं? कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका कुटुंबाची गोष्ट इथे घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई एकेचाळीस वर्षांच्या, कॉलेजात शिकवतात. चौदा वर्षांच्या मुलाला थायलंडमधल्या को ताओ बेटावर स्कूबाचा कोर्स करायचा होता. पंधरा वर्षांखालच्यांना ज्युनियर कार्ड मिळतं, आणि त्या वयात खाली उतरताना सोबत स्कूबाचं कार्ड असलेलं मोठं माणूस लागतं. वडिलांच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी त्यांना नकोच सांगितलं होतं. मग उरल्या ह्या. "आता मला उतरायलाच लागणार," असं म्हणतच त्या आल्या.

पहिल्या भेटीत एवढंच सांगितलं, की सोबतीचं मोठं माणूस म्हणजे आईच असं नाही. तिथला इन्स्ट्रक्टर किंवा डाइव्हमास्टर, म्हणजे डाइव्हला सोबत करणारा व्यावसायिक, तोही चालतो. तुम्ही बोटीवर बसून राहिलात तरी पोराचं काही अडणार नाही. बाई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग मला शिकायचंय." सक्ती होती तोवर त्यांची स्वतःची हौस दबून राहिली होती. असं पुष्कळदा होतं.

त्यानंतर भीती नेमकी कशाची ते शोधलं. "पाण्याची भीती" हा शब्द फार मोघम आहे. बाई पोहायला शिकल्या होत्या कागलजवळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पुढे काकांनी डबा सोडला आणि ढकलून दिलं. आपल्याकडच्या कितीतरी लोकांचं पोहणं असंच सुरू झालेलं असतं. त्यांना दम भरपूर असतो, पण डोकं कायम पाण्याच्या वर. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पूर्ण कोर्सला, 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. पोहण्याला वेळेचं बंधन नाही, स्टाइलचंही नाही. हे त्यांनी हसत केलं असतं. अडत होतं ते पुढे. "बुडायची नाही मी, पण नाकात पाणी गेलं की संपलं."

त्यात दोन वर्षांपूर्वी कोकणात एका बोटीवर दहा मिनिटांची तोंडी माहिती देऊन त्यांना खाली नेलं होतं. कान दुखले, डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, वर आल्यावर उलटी झाली. तो कोर्स नव्हता. तो नुसता अनुभव होता, त्यात माणसाला धरून फिरवतात, शिकवत काही नाहीत. पण त्यानंतर पॅनिक अटॅक सुरू झाले आणि सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. गोळ्या बंद होऊन वर्ष झालं होतं.

इथे अवघड भाग येतो. कोर्सआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. त्यात दमा, हृदय, फिट्स, कानाची ऑपरेशनं यांच्यासोबत पॅनिक अटॅकचाही प्रश्न असतो. नातेवाइकांचा सल्ला ठरलेला: "नाही लिहा, कोण बघतंय?" आम्ही स्पष्ट नको म्हटलं. घाबरलेला माणूस श्वास रोखून वरच्या दिशेने सुटतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे भरून घेतलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला इजा व्हायला त्याहून कमी खोलीही पुरते. समोरच्या इन्स्ट्रक्टरला हे आधी ठाऊक असेल तर तो हाताच्या अंतरावर राहतो. "हो" लिहिलं की डॉक्टरांची सही लागते, आणि ती सही समुपदेशकाची चालत नाही. त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या कधी थांबल्या, शेवटचा अटॅक कधी आला याचं पत्र दिलं, फिजिशियननी तपासून सही केली. हे काम कोल्हापुरातच उरका. तिकडे पोचल्यावर ऐन सकाळी डॉक्टर शोधायचा म्हणजे कोर्सचा एक दिवस जातो. प्रवास विम्यात स्कूबा धरलंय का आणि किती खोलीपर्यंत, तेही त्याच आठवड्यात वाचून घ्या.

आता सराव. सुरुवात बाथरूममध्ये, टबात कोमट पाणी घेऊन. दाराला कडी लावायची नाही, घरात कोणीतरी हवं. मास्क न लावता तोंडात स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) धरून चेहरा पाण्यात, दहा श्वास तोंडाने. पहिल्या दिवशी बाईंना तीनच जमले. नाक उघडं असलं की माणूस सवयीने नाकाने ओढतो, पाणी झोंबतं, ठसका लागतो. युक्ती एवढीच की श्वास सोडताना थोडा नाकातूनही सोडायचा, म्हणजे पाणी आत चढत नाही. आणि सोडणं लांब ठेवायचं: घेताना चार मोजले तर सोडताना सहा. भीतीत आपण भराभर आणि वरवर श्वास घेतो, आतला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही, त्यामुळे हवा कमी पडतेय असं वाटतं आणि माणूस आणखी भराभर ओढतो. दोन आठवड्यांत बाई पन्नास श्वासांपर्यंत गेल्या. मग मास्क आला, तोही मुद्दाम अर्धा पाण्याने भरून.

मास्क स्वतःचा घ्यावा, बाकी सगळं भाड्याने चालतं. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकं ओढा, हात काढल्यावर तो चिकटून राहिला तर तुमचा. नव्या काचेवर आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर वाफ धरते. पट्टा करकचून आवळला तर गळती थांबत नाही, उलट रबराची कड दुमडते आणि पाणी जास्त येतं. केसाची एक बट आत अडकली तरी तेच. पाणी काढताना मास्कची वरची कड कपाळाकडे दाबायची, नाकाने सोडायला सुरुवात करायची आणि मग वर बघायचं. बाई आधी मान वर करायच्या, मग सोडायच्या. त्यामुळे सगळं पाणी नाकात. हा क्रम सुधारल्यावर अर्धी भीती गेली, असं आमचं मत.

"हवा संपली तर?" हा प्रश्न कागदावर सोडवला. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने (बार हे दाबाचं माप) 2400 लिटर हवा. परतीसाठी 50 बार राखले तर वापरायला 1800. नवशिका शांत असेल तर मिनिटाला साधारण 20 लिटर धरू, दहा मीटरवर त्याचे 40 होतात. म्हणजे 45 मिनिटं. घाबरून दुप्पट ओढली तरी बावीस मिनिटं, आणि तिथून वर यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. शिकवणाऱ्या बाईंना हे गणित शंभर धीराच्या शब्दांपेक्षा जास्त पटलं.

बेत दिवाळीचा होता. तो मोडायला लावला. को ताओ थायलंडच्या आखातात आहे, तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणि खवळलेला समुद्र. दिवाळीतच जायचं असेल तर फुकेतच्या बाजूचा अंदमान समुद्र बरा. ते एप्रिलअखेरीस गेले. मधल्या काळात थिअरी घरी ऑनलाइन झाली, आणि फेब्रुवारीत पूलमधली पाचही सत्रं गोव्यात घेऊन रेफरलचा कागद आणला, म्हणजे उरलेला कोर्स दुसऱ्या केंद्रात पुरा करता येतो. रेफरल बारा महिने चालतो, पण तिकडचं केंद्र त्याच संस्थेचं आहे ना, हे मेलवर विचारून ठेवावं. परदेशात उरतात फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह. सगळा कोर्स सुट्टीतच कोंबला की चौथ्या दिवशी फेरी पकडायची असते, आणि पाण्याखाली मास्क काढायचा सराव राहिलेला असतो. घाई आणि भीती एकत्र आली की माणूस हमखास अडतो.

कानांचं थोडक्यात. दुखायच्या आधी, पृष्ठभागावरच नाक दाबून हलकं फुंकायला लागा आणि दर मीटरला करत जा. पहिल्या दहा मीटरमध्येच सगळा खेळ असतो. दुखलं तर मीटरभर वर. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही, नाक मोकळं करायची गोळी घेऊनही नाही, कारण तिचा असर खाली असताना उतरला तर वर येताना कान अडकतात.

एक खूण घरीच पाठ करून घेतली. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". मस्तला अंगठा आणि तर्जनीचं गोल. आपल्या हातांना मोबाइलची सवय, त्यामुळे चूक होते. आणि कोणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो.

बाईंनी ती खूण वापरली. पहिल्या दोन डाइव्ह नीट झाल्या. तिसरीत नऊ मीटरवर कोणाच्यातरी पायातला फिन (पोहायचा पंखा) लागून मास्क सरकला. त्यांनी थांबून चार श्वास मोजले, पाणी काढलं, आणि तरीही अंगठा वर केला. इन्स्ट्रक्टरसोबत सावकाश वर आल्या, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. त्या दिवशी पुन्हा उतरल्या नाहीत. पोराच्या चारही झाल्या. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान 18 तास हवेत, म्हणून परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं.

पैसे वाया गेले का? नाही. पूलचा भाग आणि समुद्रातल्या दोन डाइव्ह पूर्ण असतील तर पाडी (PADI) या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेचं स्कूबा डायव्हर कार्ड मिळतं: बारा मीटरपर्यंत, व्यावसायिकाच्या सोबतीने. उरलेलं पुढे करून त्याचं ओपन वॉटर करता येतं. ही सोय बहुतेक जण विचारतच नाहीत. बाईंनी विचारली, कार्ड घेतलं, आणि परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता की पावसाळ्यानंतर तारकर्लीचा समुद्र उघडला की राहिलेल्या दोन तिथे होतील का.