आधी वय विचार

प्रिय,

काल रात्री फोनवर तुझा आवाज कापत होता. ओपीडीतल्या त्या काकांच्या फाइलवर ‘एमएनडी’ म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज लिहिलेलं पाहिलंस, घरी जाऊन मोबाइलवर वाचत बसलीस आणि सकाळी त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं तेच तुला कळेना. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

एमएनडी हे आडनाव समज. त्या घरात बरेच आजार राहतात आणि त्यांचे स्वभाव फार वेगळे. हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो आणि दोन टप्प्यांत स्नायूपर्यंत पोचतो. वरची चेतापेशी मेंदूत, खालची मेंदूच्या बुंध्यात किंवा मज्जारज्जूत. वरची गेली की हातपाय ताठरतात, गुडघ्यावर हातोडी लागताच पाय जोरात उडतो. खालची गेली की स्नायू सुकतो आणि कातडीखाली बारीक फडफड दिसते. यातली कुठली पेशी मरते आणि कुणाची, कोणत्या वयात, यावर पुढचं सगळं अवलंबून. म्हणून फाइल हातात घेतलीस की आधी वय बघ.

तान्हं बाळ मान धरत नसेल, पाय बेडकासारखे पसरून पडून राहत असेल, तर एसएमए, म्हणजे खालच्या चेतापेशी मरून स्नायू सुकवणारा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा आजार, मनात आण. साधारण 10 हजार बाळांत एकाला होतो. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. हे दोघांना एकत्र बसवून सांग, कारण घरी बोल बहुतेक वेळा एकट्या आईलाच लागतो. 16 कोटींच्या इंजेक्शनसाठी आपल्याकडे लोकांनी वर्गणी काढली, ती याच आजारातल्या बाळांसाठी. 2016 पासून यावर औषधं आली आहेत आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी बरी, त्यामुळे ‘उशिरा चालेल, काही मुलं तशीच असतात’ असं कधीच म्हणू नकोस.

केनेडी रोग पुरुषांनाच पकडतो, जनुक मात्र आईकडून येतं. तो इतका सावकाश चालतो की माणूस बहुधा आपलं आयुष्य पुरं करतो. मद्रास एमएनडी 1970 मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी नोंदवला. दक्षिणेतली तरुण मुलं, हातपाय बारीक, बोलणं अडखळतं, ऐकू कमी येतं. तोही संथ.

आता ज्याच्यामुळे मी वय वय करते आहे, तो मुलगा. 19 वर्षांचा, कॉलेजात जाणारा. उजव्या पंजातले स्नायू खोबणी पडल्यासारखे आत गेलेले. थंडीत बोटं वळेनात, सकाळी शर्टाचं बटण बहीण लावायची. कुणीतरी त्याच्या वडिलांना ‘एमएनडी आहे, तीनेक वर्षं’ असं सांगून टाकलं होतं. बाप माझ्यासमोर बसला होता आणि मुलाच्या हाताकडे बघायचंच टाळत होता. मी त्याला हाताची पुढची बाजू आवळायला लावली. कोपराखाली अंगठ्याच्या बाजूचा लांब स्नायू ठसठशीत उभा राहिला, त्याच्या आजूबाजूचं मात्र सगळं सुकलेलं. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी मान पुढे वाकवून एमआरआय काढायला सांगितला. हिरायामा निघाला. जपानमध्ये 1959 साली नोंदला गेलेला, आपल्याकडेही विशीच्या आतबाहेरच्या मुलांत दिसणारा आजार. काही वर्षं वाढतो आणि मग बहुधा तिथेच थांबतो. मानेला कॉलर दिली, मान वाकवून बसणं बंद केलं. त्या बापाने जे दिवस काढले, ते त्याला कोण परत देणार?

काकांचं वय 61, त्यामुळे त्यांचा एएलएस, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही चेतापेशी मारणारा प्रकार, असणं स्वाभाविक आहे. पॅरिसच्या शार्कोंनी 1869 मध्ये ओळखलेला, मोठ्या माणसांतला सर्वांत जास्त आढळणारा. पुरुषांत किंचित अधिक. दहातल्या नऊ जणांच्या घरात पूर्वी कुणालाच नसतो, म्हणून ‘आमच्यात कुणाला नाही हो’ हे ऐकून निश्चिंत होऊ नकोस. सरासरी तीन ते पाच वर्षं म्हणतात, तरी दहातला एखादा दहा वर्षं ओलांडतो. स्टीफन हॉकिंगना 1963 मध्ये, 21 व्या वर्षी निदान झालं आणि ते 2018 पर्यंत जगले. पण हे उदाहरण काकांना देऊ नकोस, तशी वाटचाल फार विरळा.

याच आजारातली माझी एक चूक सांगते. एका शिक्षकांचा हात बारीक होत होता. चिठ्ठीवर ‘स्पाँडिलायटिस’ होतं, मी तीन आठवडे मानेला ट्रॅक्शन, म्हणजे ताण, देत राहिले. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, दुखणं नाही, तरी स्नायू सुकतोय, हे मला खटकायला हवं होतं. मी त्यांची जीभ एकदाही पाहिली नव्हती. जीभ बाहेर काढायला सांगू नकोस. तोंडात निवांत पडलेली बघ. तेव्हाच ती फडफड खरी दिसते.

काकांना दमवणारा व्यायाम नको. सांधे मोकळे ठेव, पलंगावरून कसं उठवायचं ते काकूंना स्वतः करून दाखव. ते मध्येच रडतील किंवा भलत्या वेळी हसतील. तो आजाराचाच भाग असतो, हे घरच्यांना आधीच सांग. डोळे बहुधा शेवटपर्यंत साथ देतात, म्हणून बोलणं स्पष्ट आहे तोवरच नजरेने अक्षरं दाखवायच्या तक्त्याची सवय लाव. आणि किती दिवस उरले असं त्यांनी विचारलंच, तर आकडा तू सांगू नकोस, पण तिथून उठूनही जाऊ नकोस.

उद्या त्यांना दोनच गोष्टी विचार. सकाळी उठल्यावर डोकं जड होतं का? उताणं झोपलं की दम लागतो का? दोन्हीपैकी एकालाही ‘हो’ म्हणाले, तर संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठ. श्वासाचे स्नायू थकत असतील आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, वेळेत लावायला हवं. मग मला फोन कर.

तुझी,
मॅडम