बोटीवरून सील आणि पफिन

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या बोटीवर राहणार आहोत. मुलांना तिथले वन्यजीव कसे दाखवावेत?

उत्तर : सुरुवात सीलपासून करावी, कारण ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर ते तासन्‌तास पहुडलेले असतात आणि नांगरलेल्या बोटीवरून मुलांना दुर्बिणीतून निवांत न्याहाळता येतात. नाकपुड्या खाली जुळून ‘व्ही’सारख्या दिसल्या तर तो कॉमन सील, लांब नाकाचा, समांतर नाकपुड्यांचा तो ग्रे सील. त्यांनी माना उंचावून आपल्याकडे पाहिले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे; जून-जुलैत कॉमन सीलची पिल्ले लहान असताना हे कटाक्षाने पाळावे. पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी पाहायचे असतील, तर ट्रेशनिश बेटांपैकी लुंगा जुलैअखेरीपूर्वी गाठावे, कारण ऑगस्टमध्ये ते खुल्या समुद्रात निघून जातात.