एचटीअ‍ॅक्सेसमधल्या ओळी पुसूनही परत येतात तेव्हा

आपला प्रश्न मला असा समजला: समूहाचे संकेतस्थळ ड्रुपल ७ या, संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर चालते, गूगलवरून मोबाइलने येणारे वाचक जुगाराच्या कुठल्याशा पानावर जाऊन पडतात, पण आपण स्वतः पत्ता टाइप करून उघडले की सारे ठाकठीक दिसते, एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधल्या (आलेल्या वाचकाला कुठे न्यायचे याचे नियम सर्व्हरला सांगणारी फाइल) अनोळखी ओळी काढल्या तरी त्या परत उगवतात, आणि आता गेल्या महिन्याचा बॅकअप चढवावा का, असे आपण विचारता. इतक्यात चढवू नये, असे माझे मत आहे.

आपल्याला काही दिसत नाही, ही त्या मालवेअरचीच, म्हणजे घुसवलेल्या घातक कोडचीच, हुशारी आहे. वाचक कोणत्या पानावरून आला, मोबाइलवर आहे की संगणकावर, याआधी येऊन गेला आहे का, हे तपासूनच तो वाचकाला दुसरीकडे वळवतो, जेणेकरून संचालकांना सुगावा लागू नये. खात्री करायची असेल तर मोबाइलवर इनकॉग्निटो विंडो उघडून, लॉगिन न करता, गूगलच्या शोधातून आपल्या पानावर जावे. सर्च कन्सोल या, स्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात यूआरएल तपासणीची सोय आहे, तिच्यातून गूगलला आपले पान कसे दिसते तेही कळते.

ओळी परत येतात याचा अर्थ त्या लिहिणारे काहीतरी सर्व्हरवर अजून जिवंत आहे. बहुधा ती एखादी लपवलेली पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) असते आणि तिला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणारी सर्व्हरची सोय) किंवा बाहेरून कोणीतरी ठरावीक वेळाने हाक मारत असते. म्हणून स्थळ तात्पुरते बंद दाखवणारा ड्रुपलचा मेंटेनन्स मोड इथे कामाचा नाही: तशी फाइल ड्रुपलला न विचारताच चालते. होस्टिंग कंपनीला सांगून पीएचपी पूर्ण बंद करून घ्यावे आणि ५०३ हा संकेत देणारे एक साधे पान लावावे, म्हणजे बंद तात्पुरता आहे हे सर्च इंजिनांनाही कळते. त्यानंतर, काहीही पुसण्यापूर्वी, सर्व फाइली, डेटाबेस आणि अ‍ॅक्सेस लॉग (कोण कधी कोणत्या पानावर आले याच्या नोंदी) यांची जशीच्या तशी प्रत उतरवून घ्यावी. लॉग सर्वांत आधी घ्या, कारण शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक स्थळांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, ते लवकर पुसले जातात आणि चोर कोणत्या दाराने आला हे सांगणारा दुसरा साक्षीदार आपल्याकडे नाही.

बॅकअपबद्दल मी इतका सावध का, हे ड्रुपलच्याच इतिहासावरून सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७.३२ आले, त्यात दुरुस्त केलेल्या त्रुटीमुळे लॉगिन न करताही कोणालाही डेटाबेसवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले, आणि २९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षा गटाने स्पष्ट सांगितले, की पहिल्या सात तासांत, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे १६ तारखेच्या पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपल्या स्थळात शिरकाव झाला असे धरूनच चालावे. काही हल्लेखोरांनी तर आत शिरल्यावर ती दुरुस्ती स्वतःच बसवली होती, दुसऱ्या कोणी आत येऊ नये म्हणून! अशा स्थळाचा १७ तारखेचा बॅकअप वरून निर्मळ दिसला तरी आतून बाधितच असायचा. त्या हल्ल्यांतला एक प्रकार आपल्या तक्रारीशी जुळतो: डेटाबेसमधल्या ‘मेन्यू राउटर’ या, कोणत्या पत्त्यावर काय चालवायचे हे नोंदवणाऱ्या तक्त्यात एक जादा नोंद घातलेली असे, जिच्या ‘अ‍ॅक्सेस कॉलबॅक’ या रकान्यात फाइल लिहिणाऱ्या पीएचपी फंक्शनचे नाव असे. सर्व्हरवरची फाइल पुसली तरी तो पत्ता पुन्हा उघडताच ती नव्याने लिहिली जाई.

तेव्हा शोध फाइलींत आणि डेटाबेसमध्ये, दोन्हीकडे घ्यावा लागेल. ड्रुपलची नेमकी तीच आवृत्ती ताजी उतरवून आपल्या फाइलींशी ताडून पाहावी. मॉड्यूल आणि थीमचेही तसेच करावे. सदस्यांची छायाचित्रे जिथे साठतात त्या फोल्डरात एकही पीएचपी फाइल असण्याचे कारण नाही. तिथे ड्रुपलने ठेवलेली, पीएचपी चालू न देणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल जागेवर आहे का, हेही पाहावे. फाइलीवरची बदलाची तारीख प्रमाण मानू नये, ती सहज मागे नेता येते. डेटाबेसमध्ये प्रशासक भूमिका असलेली अनोळखी खाती, पीएचपी फिल्टर (मजकुरातच पीएचपी चालवू देणारी सोय) वापरणारे ब्लॉक आणि लेखांच्या मजकुरात घुसवलेल्या स्क्रिप्ट शोधाव्यात. त्याच होस्टिंग खात्यात कोणीतरी हौसेने काढून विसरलेले एखादे चाचणी स्थळ आहे का, हे आवर्जून पाहा. असे असते, आणि संसर्ग तिथूनच परततो.

त्यानंतर नव्या, रिकाम्या खात्यावर उभारणी करावी. कोड सगळा ताजा घ्यावा, जुन्या फाइलींतून फक्त तपासलेली चित्रे आणावीत, आणि डेटाबेस मात्र शक्यतो सध्याचाच, स्वच्छ करून वापरावा. कोड पुन्हा मिळतो. सदस्यांनी महिनाभरात लिहिलेले मिळत नाही. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे ही उभारणी तात्पुरती समजून नव्या आवृत्तीकडे जाण्याची तयारी आत्ताच सुरू करावी.

पासवर्ड बदलायचे ते स्थळ स्वच्छ झाल्यावर, आणि संचालकांचे स्वतःचे संगणक तपासल्यावरच. २००९ मधल्या गम्ब्लर या मालवेअरने लोकांच्या संगणकांवरूनच एफटीपीचे (सर्व्हरवर फाइली चढवण्याच्या सोयीचे) पासवर्ड चोरले होते. सेशनचा, म्हणजे चालू लॉगिनच्या नोंदींचा, तक्ता रिकामा करावा, म्हणजे आधीपासून लॉगिन असलेला कोणीही आत राहणार नाही.

सदस्यांना कळवावे की नाही, यावर संचालकांत वाद होईल. माझ्या मते कळवावेच. ड्रुपल पासवर्ड मूळ रूपात साठवत नाही हे खरे, पण लॉगिनचा कोडच बदलला गेला असेल तर टाइप केलेला पासवर्ड थेट चोराच्या हाती पडतो, आणि तोच पासवर्ड ईमेललाही वापरणारे सदस्य आपल्याकडे असणारच. सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे सांगितले आहे. हेही काम उरकून घ्यावे.

गूगलने धोक्याची सूचना लावली असल्यास फेरतपासणीची विनंती अगदी शेवटी करावी. सध्या लॉगमध्ये छायाचित्रांच्या फोल्डरातल्या पीएचपी फाइलींकडे आलेल्या ‘पोस्ट’ (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या) विनंत्या शोधा, आणि त्यांतली सर्वांत जुनी ओळ, आयपी पत्ते झाकून, इथे द्या. कोणत्या तारखेआधीचा बॅकअप ताडून पाहण्यास उपयोगी पडेल, ते त्यावरून ठरवता येईल.