मधुमालतीला तीन वर्षं झाली, पाला भरपूर पण फूल एकही नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घर बेळगावच्या वडगावात, वेल पूर्वेच्या भिंतीला, पलीकडे शेजाऱ्यांचं दुमजली घर, दर महिन्याला खत आणि रोज पाणी. दुखणं त्यातच आहे बघा. लाड जास्त झालेत आणि ऊन कमी पडतंय.

आमच्या अनगोळच्या घरी हेच झालं होतं. भावाच्या भातशेतीतला युरिया उरलेला, तो मी मूठ-मूठ बुंध्यात टाकत राहिलो. युरियात 46 टक्के नत्र. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी, आणि फुलाचं नाव नाही. आई रोज वर बघून विचारायची, "हिला फुलं कधी येणार की, का नुसता पालाच?" शेवटी खत बंद केलं आणि शिमग्याच्या सुमारास कोयत्यानं कमरेएवढी ठेवून सगळी उतरवली. आई दोन दिवस धड बोलली नाही. मग वळीव झाला आणि मेमध्ये नव्या फुटीच्या टोकांना घोस लोंबायला लागले.

मधुमालती फुलते ती त्या वर्षीच्या नव्या फांद्यांवर. म्हणून छाटायचं ते फेब्रुवारीअखेर ते शिमगा, एवढ्यातच. मे-जूनमध्ये कोयता लावलात तर कळ्याच खाली येतील. आपल्याकडच्या थंडीत पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा वेल मेली समजून पाणी ओतत बसू नका.

छाटताना जाड हातमोजे घाला. पान गळतं, पण देठाचं बूड फांदीवरच राहून काट्यासारखं टणक होतं. त्याच आकड्यांवर वेल चढते. माझ्या अंगठ्यात एक मोडला तो आठवडाभर ठणकत होता. भिंतीला मात्र ती आपणहून चिकटत नाही, तार नाहीतर जाळी लागतेच.

आता ऊन. वेल उपटू नका, बुंधा सावलीत असला तरी चालतो. नवे शेंडे तारेवरून गच्चीच्या कठड्यावर घ्या, तिथं पाच-सहा तास ऊन मिळालं की झालं. खत वर्षातून एकदाच, छाटणीनंतर, पाटीभर कुजलेलं शेणखत. पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात अजिबात नको.

फुलं आली की संध्याकाळी खाली खुर्ची टाकून बसा. ती उघडतात पांढरी, वास रात्री सुटतो आणि मोठे पतंग येतात. दुसऱ्या दिवशी तीच गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात.

आणि हो, मुळांतून लांबवर धुमारे फुटतात. आमचा एक शेजाऱ्यांच्या फरशीच्या फटीतून वर आला होता. दिसला की मुळासकट काढा. कुणाला हवा असेल तर कुंडीत लावून द्या, जगतो.